तारांचे गणित

शाळेतील संगणकाला मागच्या बाजूने एक केबल जोडलेली असते. तिचे वरचे आवरण काढून पाहिले, तर आत आठ बारीक तारा दिसतात. या तारा मोकळ्या नसतात. दोन दोन तारांची एक जोडी केलेली असते आणि प्रत्येक जोडीला पीळ दिलेला असतो. टेलिव्हिजनची केबल याहून वेगळी असते. तिच्या मधोमध एक तार असते, तारेभोवती पांढरे आवरण असते आणि त्या आवरणाभोवती पुन्हा धातूची जाळी असते. एका केबलला पीळ का आणि दुसरीला जाळी का, असा प्रश्न आपल्या मनात येतो. साधी तार वापरली असती, तर काय बिघडले असते?

या प्रश्नांची उत्तरे ज्यांनी दिली, त्यांत ऑलिव्हर हेविसाइड यांचे नाव फार मोठे आहे. त्यांनी कॉलेजचे तोंडही पाहिले नव्हते. त्यांना कानांनी नीट ऐकू येत नव्हते. परंतु दूरचा आवाज तारेतून स्पष्ट ऐकू यावा, म्हणून लागणारे गणित त्यांनीच जगाला दिले.

ऑलिव्हर हेविसाइड यांचा जन्म १८ मे १८५० रोजी लंडन शहरातील कॅम्डन टाउन या भागात झाला. त्यांचे वडील टॉमस हे लाकडावर चित्रे कोरण्याचे काम करत. त्या काळी पुस्तकांतील चित्रे अशा लाकडी ठशांवरून छापली जात. या कामात पैसा बेताचाच मिळे. घराला हातभार लावण्यासाठी आई रेचेल मुलींची एक लहानशी शाळा चालवत असे. चार भावांत ऑलिव्हर सर्वांत धाकटा होता.

लहानपणीच ऑलिव्हरला लोहितांग ज्वर नावाचा कठीण आजार झाला. जीव वाचला, पण त्याचे कान अधू झाले. गल्लीतील मुले काय बोलतात, ते त्याला नीट कळत नसे. त्यामुळे तो खेळात मागे पडू लागला. हळूहळू तो एकटा राहू लागला. पुस्तके हेच त्याचे सोबती झाले.

शाळेत मात्र त्याने चमक दाखवली. १८६५ साली झालेल्या एका परीक्षेला पाचशेहून अधिक मुले बसली होती. त्यांत ऑलिव्हर पाचवा आला आणि विज्ञानात त्याने पहिले बक्षीस मिळवले. पुढे शिकवण्याइतकी घरची ऐपत नव्हती. वयाच्या सोळाव्या वर्षी त्याची शाळा सुटली. शिक्षण मात्र सुटले नाही. तो घरी बसून विजेचा, गणिताचा आणि परकीय भाषांचा अभ्यास करू लागला.

या वेळी एका नातेवाइकाचा आधार मिळाला. आईच्या बहिणीचे यजमान चार्ल्स व्हीटस्टन हे मोठे शास्त्रज्ञ होते. इंग्लंडमध्ये तारायंत्र आणण्यात त्यांचा मोठा वाटा होता. ऑलिव्हरचा भाऊ आर्थर आधीच तारखात्यात लागला होता. १८६८ साली ऑलिव्हरही डेन्मार्क देशात एका तार कंपनीत नोकरीला गेला. तेव्हा त्याचे वय अठरा वर्षांचे होते. काही वर्षांनी तो इंग्लंडमधील न्यूकॅसल या गावी त्याच कामावर आला.

तो काळ तारेच्या वैभवाचा होता. आज आपण मोबाइलवरून क्षणात निरोप धाडतो. तेव्हा निरोप ठिपके आणि रेघा यांच्या खुणांनी तारेतून पाठवत. यंत्राची कळ थोडा वेळ दाबली की ठिपका आणि जास्त वेळ दाबली की रेघ. समुद्राच्या तळाशी केबल टाकून देशांना देश जोडले जात होते. १८७० साली 'ग्रेट ईस्टर्न' या प्रचंड जहाजाने मुंबई ते एडन अशी केबल टाकली. त्यामुळे मुंबई आणि लंडन ही शहरे समुद्राखालच्या तारांनी जोडली गेली.

परंतु समुद्रातील केबलची एक मोठी अडचण होती. जमिनीवरच्या खांबांवरून जाणाऱ्या तारेतून खुणा भराभर जात. समुद्रातील लांब केबलमधून मात्र त्या रेंगाळत आणि एकमेकींत मिसळत. ठिपका कोणता आणि रेघ कोणती, हेच कळेनासे होई. १८५८ साली अटलांटिक महासागरातून पहिली केबल टाकली गेली. त्या केबलमधून राणी व्हिक्टोरिया यांचा ९८ शब्दांचा संदेश अमेरिकेला पोहोचायला सोळा तासांच्या आसपास वेळ लागला. पुढे काही आठवड्यांतच ती केबल निकामी झाली. टिकाऊ केबल टाकण्यासाठी १८६६ साल उजाडावे लागले.

असे का होत होते? केबलच्या मधोमध तांब्याची तार असे. तिच्यावर गटापर्चा नावाच्या चिकाचे जाड आवरण असे. त्याच्या बाहेर समुद्राचे पाणी. तांबे आणि पाणी या दोघांमध्ये आवरण असल्यामुळे वीज तेथे साठून राहते. ओल्या कापडाची लांब नळी आधी स्वतः फुगते आणि मगच दुसऱ्या टोकाने पाणी सोडते, तसेच काहीसे हे आहे. वीज साठवण्याच्या या गुणाला धारिता म्हणतात. शिवाय तार विजेच्या वाहण्याला अडथळा करते. त्या गुणाला रोध म्हणतात. १८५५ साली विल्यम टॉमसन यांनी या दोन गुणांवरून केबलचे गणित मांडले. पुढे हेच टॉमसन लॉर्ड केल्व्हिन या नावाने प्रसिद्ध झाले. केबलची लांबी दुप्पट केली, तर खुणांना होणारा उशीर चौपट होतो, असे या गणितातून निघाले.

तरुण हेविसाइड डेन्मार्क आणि इंग्लंड यांच्यामधील केबलवर काम करत असताना त्यांना एक नवल दिसले. केबल एकच, पण एका दिशेने खुणा जास्त वेगाने पाठवता येत आणि उलट दिशेने कमी वेगाने. इतरांनी या गोष्टीकडे फारसे लक्ष दिले नाही. हेविसाइड यांना चैन पडेना. त्यांनी गणित करून कारण शोधले. समुद्रातील केबलच्या दोन्ही टोकांना जमिनीवरच्या तारा जोडलेल्या होत्या. त्या दोन्हीकडे सारख्या नव्हत्या. म्हणून दोन दिशांचा वेग वेगळा होता. १८७७ साली त्यांनी हे गणित प्रसिद्ध केले.

त्याआधीच, १८७३ साली, त्यांच्या हाती एक ग्रंथ पडला होता. तो जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांचा वीज आणि चुंबकत्व या विषयावरील ग्रंथ होता. ग्रंथ अतिशय अवघड होता. हेविसाइड यांना त्यातील बराचसा भाग समजला नाही. पण हे आपल्याला समजलेच पाहिजे, असा त्यांनी निश्चय केला. १८७४ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, त्यांनी नोकरी सोडली आणि ते लंडनला आईवडिलांच्या घरी परत आले. त्यानंतर त्यांनी आयुष्यात कधीही नोकरी केली नाही आणि लग्नही केले नाही. घरातल्या एका खोलीत बसून ते वाचत आणि लिहीत असत. मॅक्सवेल यांचा ग्रंथ आत्मसात करायला त्यांना कित्येक वर्षे लागली. मग त्यांनी मॅक्सवेल यांची अनेक समीकरणे आटोपशीर करून चार समीकरणांत मांडली. आज जगभर कॉलेजांत मॅक्सवेल यांची समीकरणे म्हणून जी चार समीकरणे शिकवतात, त्यांचे ते रूप मुख्यतः हेविसाइड यांनी दिलेले आहे.

आता त्यांनी तारेकडे नव्या दृष्टीने पाहिले. टॉमसन यांच्या गणितात रोध आणि धारिता हे दोनच गुण होते. हेविसाइड यांनी त्यांत आणखी दोन गुण घातले. एक गुण म्हणजे प्रवर्तन. भरलेली बैलगाडी चटकन हलत नाही आणि एकदा चालू लागली की चटकन थांबतही नाही. तारेतील विजेचेही तसेच असते. तिच्याभोवती चुंबकत्व निर्माण होते आणि ते विजेला एकदम वाढू देत नाही व एकदम कमीही होऊ देत नाही. हा गुण त्यांनी १८७६ साली आपल्या गणितात घेतला. दुसरा गुण म्हणजे गळती. आवरण कितीही चांगले असले, तरी थोडी वीज त्यातून झिरपून जाते. पुढील दहा वर्षांत त्यांनी तीही हिशेबात धरली.

त्यांची रीत समजण्यासारखी आहे. शेकडो मैल लांबीच्या तारेचा विचार एकदम करता येत नाही. म्हणून त्यांनी तारेचे अगदी लहान लहान तुकडे कल्पिले. प्रत्येक तुकड्याला थोडा रोध, थोडी धारिता, थोडे प्रवर्तन आणि थोडी गळती असते. एका तुकड्याचे गणित मांडले आणि तुकड्याला तुकडा जोडत गेले, की संपूर्ण तारेचे वर्तन कळते. तार प्रत्यक्ष टाकण्याआधीच ती कशी वागेल, हे कागदावर सांगता येते. आजही अभियंते केबलचा विचार याच रीतीने करतात.

१८७६ साली टेलिफोनचा शोध लागला होता आणि त्याबरोबर एक नवी अडचण आली होती. एकाच खांबावरून अनेक तारा शेजारी शेजारी जात. एका तारेवरचे बोलणे दुसऱ्या तारेवर ऐकू येई. तारा एकमेकींना चिकटलेल्या नसल्या, तरी त्यांच्यामध्ये धारिता आणि प्रवर्तन असतेच. त्यामुळे एकीतील वीज दुसरीत हालचाल निर्माण करते. हेविसाइड यांनी यावर १८८० साली एक उपाय सुचवला आणि त्याचे पेटंट घेतले. एक तार नळीसारखी करायची आणि दुसरी तार तिच्या आत, मधोमध, आवरण घालून ठेवायची. जाणारी वीज आतून आणि परतणारी वीज बाहेरच्या नळीतून. मग आतली वीज बाहेरच्या तारांना त्रास देत नाही. आपल्या टेलिव्हिजनच्या केबलची कल्पना ती हीच. दुसरा उपाय अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी शोधला. जाणारी आणि परतणारी अशा दोन तारा एकमेकींभोवती पिळण्याच्या युक्तीचे पेटंट त्यांनी १८८१ साली घेतले. शेजारच्या तारेमुळे एका पिळात जो बिघाड होतो, तो पुढच्या पिळात उलटा होतो. त्यामुळे दोन्ही बिघाड एकमेकांना खोडून काढतात.

शेजारच्या तारांचा त्रास अशा रीतीने कमी करता येत होता. पण दूरच्या टेलिफोनवर आवाजच ओळखू येत नव्हता, त्याचे काय? आपल्या आवाजात अनेक सूर मिसळलेले असतात, काही उंच आणि काही खालचे. हे सूर तारेतून एकाच वेगाने जात नाहीत. समजा, शाळेची मुले ओळीने सहलीला निघाली. काही मुले भरभर चालणारी, काही सावकाश चालणारी. निघताना ओळ छान असते. दोन मैलांनंतर ती पार विस्कटते. शिवाय काही मुले दमून मागेच राहतात. तारेतील आवाजाची अवस्था अशीच होते. तो नुसता क्षीण होत नाही, तर विस्कटतो.

ओळ विस्कटू नये, यासाठी काय करावे? १८८७ साली हेविसाइड यांनी याचे उत्तर दिले. तारेच्या रोधाचा आणि धारितेचा गुणाकार करा. मग प्रवर्तनाचा आणि गळतीचा गुणाकार करा. हे दोन्ही गुणाकार सारखे आले, तर सर्व सूर एकाच वेगाने जातात आणि सारख्याच प्रमाणात क्षीण होतात. आवाज हळू येईल, पण विस्कटणार नाही. नेहमीच्या केबलमध्ये पहिला गुणाकार फार मोठा आणि दुसरा फार लहान असतो. गळती वाढवली, तर वीज वाया जाते. म्हणून प्रवर्तन वाढवावे, असे त्यांचे म्हणणे होते. हलका दोरा एका टोकाने हलवला, तर लाट थोड्या अंतरावर विरून जाते. जड दोरखंड हलवला, तर लाट दूरवर जाते. तारेलाही असा भारदस्तपणा हवा, असे त्यांचे गणित सांगत होते.

येथेच त्यांच्या आयुष्यातील मोठा संघर्ष सुरू झाला. ब्रिटिश टपाल व तारखात्यात विल्यम प्रीस नावाचे मोठे अधिकारी होते. त्यांचा अनुभव दांडगा होता आणि सरकारदरबारी त्यांचा शब्द चाले. तारेतील प्रवर्तन हाच टेलिफोनचा शत्रू आहे, ते जितके कमी तितके चांगले, असे त्यांचे मत होते. हेविसाइड यांचे गणित नेमके उलट सांगत होते. एकीकडे खात्याचा वरिष्ठ अधिकारी आणि दुसरीकडे पदवी नसलेला, नोकरी नसलेला एक माणूस, असा हा सामना होता.

१८८७ साली ऑलिव्हर आणि त्यांचे बंधू आर्थर यांनी मिळून टेलिफोनवर एक लेख तयार केला. आर्थर हे प्रीस यांच्या हाताखाली नोकरीला होते. त्यामुळे लेख छापण्यासाठी प्रीस यांची परवानगी लागत होती. प्रीस यांनी ती दिली नाही. आर्थर यांना नोकरी सांभाळायची होती. लेख पडून राहिला. हेविसाइड यांचे इतर लेख एका विद्युत साप्ताहिकात क्रमशः छापून येत असत. त्याच वर्षी त्या साप्ताहिकाचे संपादक बदलले. नव्या संपादकांनी वाचकांकडे चौकशी केली. हे लेख वाचणारा कोणी भेटेना. म्हणून लेखमाला बंद करण्यात आली. ज्या वर्षी सर्वांत मोलाचा शोध लागला, त्याच वर्षी तो सांगण्याची दारे बंद झाली.

हेविसाइड खचले नाहीत. आपले गणित बरोबर आहे, याची त्यांना खात्री होती. त्यांनी अन्य मासिकांत लिहिणे चालू ठेवले. लवकरच दिवस पालटले. १८८८ साली जर्मनीत हाइन्रिख हर्ट्झ यांनी विद्युत लहरी प्रत्यक्ष प्रयोगाने दाखवल्या. इंग्लंडमध्ये ऑलिव्हर लॉज यांनीही तारांवरील लहरींचे प्रयोग केले. हेविसाइड जे कागदावर मांडत होते, ते आता प्रयोगशाळेत दिसू लागले. जानेवारी १८८९ मध्ये विल्यम टॉमसन यांनी विद्युत अभियंत्यांच्या संस्थेत अध्यक्ष म्हणून भाषण केले. त्या भाषणात त्यांनी हेविसाइड यांच्या कार्याचा जाहीर गौरव केला. ज्यांच्या गणितात हेविसाइड यांनी भर घातली होती, त्यांनीच ती भर मोकळ्या मनाने मान्य केली. १८९१ साली रॉयल सोसायटी या इंग्लंडमधील नामांकित संस्थेने हेविसाइड यांना आपले सभासद करून घेतले.

प्रीस हे काही वाईट माणूस नव्हते. पुढे मार्कोनी या तरुण संशोधकाला बिनतारी संदेशाच्या कामात त्यांनीच मोठी मदत केली. पण आपला अनुभव गणिताहून मोठा आहे, असे त्यांना वाटले. दुसऱ्या बाजूने हेविसाइड यांची लेखणी फार तिखट होती आणि त्यांचे गणित समजायला फार कठीण होते. गणित सोडवण्याची त्यांची स्वतःची एक नवी पद्धत होती. ती मोठमोठ्या गणितज्ञांनाही पटली नाही. १८९४ साली रॉयल सोसायटीने त्यांच्या एका लेखाचा तिसरा भाग नाकारला. पुढे इतर गणितज्ञांनी त्या पद्धतीला भक्कम आधार दिला आणि अभियंते ती शिकू लागले.

प्रवर्तन वाढवण्यासाठी तारेवर ठरावीक अंतराने वेटोळी बसवावीत, असेही हेविसाइड यांनी सुचवले होते. हलक्या दोऱ्यात थोड्या थोड्या अंतरावर मणी ओवले, तर त्याला दोरखंडासारखा भारदस्तपणा येतो, तसेच हे आहे. इंग्लंडमध्ये या सूचनेकडे कोणी लक्ष दिले नाही. हेविसाइड यांनी तिचे पेटंटही घेतले नाही. अमेरिकेत मात्र १८९९ च्या सुमारास जॉर्ज कॅम्पबेल आणि मायकेल प्यूपिन या दोघांनी स्वतंत्रपणे ही वेटोळी किती अंतरावर बसवावीत, याचा हिशेब केला. पेटंट प्यूपिन यांना मिळाले आणि त्यांना त्यातून फार मोठी रक्कम मिळाली. वेटोळी बसवताच टेलिफोनचे बोलणे पूर्वीपेक्षा कितीतरी दूर जाऊ लागले. हेविसाइड यांना त्यातील एक पैही मिळाली नाही.

त्यांची परिस्थिती तर हलाखीची होती. १८८९ साली ते आईवडिलांसह इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील पेंटन या गावी राहायला गेले होते. आई १८९४ साली आणि वडील १८९६ साली वारले. मित्रांनी त्यांना आर्थिक मदत देऊ केली, तेव्हा त्यांनी ती दान म्हणून घ्यायला साफ नकार दिला. शेवटी १८९६ साली सरकारने त्यांना वर्षाला १२० पौंडांचे वेतन दिले. ही भीक नव्हे, तर तुमच्या कार्याचा मान आहे, असे मित्रांनी पटवल्यावरच त्यांनी ते स्वीकारले.

त्यांचे संशोधन चालूच होते. डिसेंबर १९०१ मध्ये मार्कोनी यांनी तारेशिवाय अटलांटिक महासागरापलीकडे खूण पाठवली. पृथ्वी गोल असताना लहरी वळून तेथे कशा पोहोचल्या, हे कोडेच होते. १९०२ साली हेविसाइड यांनी एका विश्वकोशातील लेखात सुचवले, की उंच आकाशात विजेचे वहन करणारा एक थर असावा आणि लहरी त्याच्या आधाराने जात असाव्यात. अमेरिकेत आर्थर केनेली यांनीही त्याच वर्षी हा विचार मांडला. १९२४ साली एडवर्ड ॲपल्टन यांच्या प्रयोगांनी असा थर असल्याचे सिद्ध झाले.

उतारवयात हेविसाइड टॉर्की या गावी एकटे राहत. कानांनी ऐकू येणे आणखी कमी झाले होते. परगावचे शास्त्रज्ञ त्यांना पत्रे लिहीत. १९०५ साली जर्मनीतील ग्योटिंगेन विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टर ही पदवी दिली. १९२२ साली विद्युत अभियंत्यांच्या संस्थेने फॅरडे पदक सुरू केले आणि पहिलेच पदक हेविसाइड यांना दिले. ते लंडनला आले नाहीत. म्हणून संस्थेचे अध्यक्ष पदक घेऊन त्यांच्या घरी गेले. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी हेविसाइड यांचे निधन झाले. पेंटन येथे आईवडिलांच्या शेजारी त्यांना पुरण्यात आले. पुढे त्यांच्या समाधीची पडझड झाली. २०१४ साली लोकांनी वर्गणी काढून ती नीट करून घेतली.

त्यांचे काम मात्र कधीच पडून राहिले नाही. सुमारे १९३० पासून अमेरिकेत नळीच्या आत तार असलेली केबल मोठ्या कामांसाठी तयार होऊ लागली. १९५६ साली अटलांटिक महासागरातून टेलिफोनची पहिली केबल सुरू झाली. ती याच प्रकारची होती आणि तिच्यावरून एका वेळी ३६ संभाषणे होऊ शकत. १९८८ साली त्याच महासागरातून काचेच्या तंतूंची केबल सुरू झाली. आज महासागरापलीकडचे बहुतेक संदेश प्रकाशाच्या रूपात अशा तंतूंमधून जातात. परंतु इमारतींत, यंत्रांत आणि संगणकांत तांब्याच्या तारा अजूनही काम करत आहेत.

आता सुरुवातीच्या आठ तारांकडे पुन्हा पाहू. आठ तारांच्या दोन दोन करून २८ जोड्या होतात. प्रत्येक जोडीत थोडी धारिता आणि थोडे प्रवर्तन असते. म्हणजे हेविसाइड यांचे चार आकडे येथे पुरत नाहीत. त्यांच्याऐवजी चार तक्ते मांडावे लागतात आणि ते संगणकाकडून सोडवून घेतात. पण गणिताची मूळ रीत तीच आहे. आठ तारांच्या चारही जोड्यांना सारखा पीळ दिला, तर शेजारच्या जोड्यांचे पीळ एकमेकांबरोबर चालतील आणि त्रास खोडला जाणार नाही. म्हणून प्रत्येक जोडीचा पीळ थोडा वेगळा ठेवतात.

केबल निवडताना आणखी एक गोष्ट पाहतात. विहिरीत हाक मारली की प्रतिध्वनी येतो. केबलच्या टोकाला जोडलेले यंत्र तिला साजेसे नसेल, तर विजेची लाटही तशीच उलटून परत येते आणि पुढच्या खुणांत मिसळते. लाटेला मिळणाऱ्या या एकूण अडथळ्याला इंपीडन्स असे नाव हेविसाइड यांनीच १८८६ साली दिले. टेलिव्हिजनच्या केबलसाठी तो ७५ ओहम आणि संगणकाच्या जाळ्याच्या केबलसाठी १०० ओहम ठेवतात. म्हणून एकीच्या जागी दुसरी केबल लावून चालत नाही. तसेच, खुणा जितक्या वेगवान, तितकी वीज तारेच्या आतून न जाता पृष्ठभागावरून जाते आणि तारेचा रोध वाढतो. हेविसाइड यांनी १८८५ सालीच हे दाखवून दिले होते. म्हणूनच केबल कुठे लावायची, किती लांब न्यायची आणि तिच्यातून किती वेगाने खुणा पाठवायच्या, हे ठरवल्यावरच ती निवडायची असते. केवळ तार जाड आहे किंवा किंमत कमी आहे, एवढे पाहून भागत नाही.

हेविसाइड यांच्याकडे पदवी नव्हती, पैसा नव्हता आणि अधिकारही नव्हता. त्यांच्याकडे एक खोली, काही ग्रंथ आणि अपार चिकाटी होती. समजले नाही म्हणून त्यांनी पुस्तक मिटून ठेवले नाही. मोठ्या माणसाने नाही म्हटले म्हणून त्यांनी आपले उत्तर बदलले नाही. गणित तपासून पाहिले, ते बरोबर आले आणि मग ते त्यावर ठाम राहिले. ज्यांना स्वतःला धड ऐकू येत नव्हते, त्यांच्यामुळे जगाला दूरचे बोलणे स्पष्ट ऐकू आले.

स्वाध्याय

प्रश्न १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ऑलिव्हर यांचे कान कशामुळे अधू झाले?
(आ) हेविसाइड यांनी नोकरी कोणत्या साली सोडली?
(इ) तारेचे चार गुण कोणते?
(ई) पहिले फॅरडे पदक कोणाला मिळाले?

प्रश्न २. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) समुद्रातील केबलमध्ये खुणा एकमेकींत का मिसळत?
(आ) प्रीस आणि हेविसाइड यांच्यात कोणता मतभेद होता?
(इ) संगणकाच्या केबलमधील तारांना पीळ का देतात?

प्रश्न ३. वाक्यांत उपयोग करा.
हातभार लावणे, चैन न पडणे, आत्मसात करणे, साफ नकार देणे.

उपक्रम : एक हलका दोरा आणि एक जड दोरखंड घ्या. दोन्हींची टोके हलवून लाट कुठपर्यंत जाते, ते पाहा. जे दिसले, ते पाच-सहा वाक्यांत लिहा.